पुण्यात मायक्रोब्रुअरी काढायची, वाढवायची किंवा आवरायची असेल तर

पुण्यात मायक्रोब्रुअरी, म्हणजे जिथे बिअर बनते तिथेच ती विकणारी जागा, टिकेल की नाही, हे बिअरच्या चवीइतकंच मंगळवारच्या रात्रीवर, भाडेकरारावर आणि फरशीखालच्या काँक्रीटवर ठरतं. बिअर बिघडली तर पुढच्या खेपेला सुधारता येते. चुकीच्या गल्लीत, चुकीच्या मजल्यावर, चुकीच्या मापाच्या टाक्या लावून बसलं की सुधारायला पैसे उरत नाहीत. म्हणून इथे आधी वस्ती, मग लिटरचा हिशेब, मग जागा आणि कागद, आणि बिअर त्यानंतर.

२००९ मध्ये डूलालीने कोरिन्थियन्स क्लबात टाक्या लावल्या, तेव्हा ताजी बिअर म्हणजे काय हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागायचं. नंतर हडपसरला अमनोरात टीजेज, मुंढव्यात इंडिपेंडन्स, कोरेगाव पार्कात एफिंगट, आणि बंगळूरची टॉइट कल्याणीनगरात. आज पुणेकराला हेफेवाइझेन आणि विटबिअर या गव्हाच्या दोन बिअरमधला फरक सांगावा लागत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे ताजी बिअर मिळते’ एवढ्या भांडवलावर नवी जागा चालत नाही.

वस्ती मोजायची कशी

जागा आवडली की दलाल तुम्हाला ती शनिवारी रात्री दाखवतो. तुम्ही मंगळवारी रात्री आठ ते दहा, शुक्रवारी दहानंतर आणि रविवारी दुपारी एक ते तीन अशा तीन वेळा जा, आणि हे निदान चार आठवडे करा. आसपासच्या बारमध्ये किती टेबलं भरली आहेत हे तर बघाच, पण टेबलावर काय आहे तेही बघा. कॉकटेलची गल्ली आणि पिचरची गल्ली वेगळी असते. जिथे टेबलावर व्हिस्की-सोडा आणि चकणा दिसतो, तिथे साडेतीनशे रुपयांचा ग्लास विकायला वर्ष जातं.

हिंजवडीत सोमवार ते गुरुवार गर्दी असते, ती आठपर्यंत. मग सगळ्यांना वाहतुकीतून घर गाठायचं असतं, आणि शनिवार-रविवारी रस्ता ओस. बालेवाडी हाय स्ट्रीट याच्या बरोबर उलट. कोथरूड, सिंहगड रस्ता इथे कुटुंबं येतात, रविवारची दुपार चालते, आणि स्वयंपाकघर बिअरपेक्षा जास्त कमावतं. फर्ग्युसन रस्त्यावर गर्दी कायमची, पण त्यातले बरेच जण एकवीसच्या आतले. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षांची अट आहे. त्यामुळे ती गर्दी तुमच्या हिशेबात धरायचीच नाही.

मोजणी श्रावणात करू नका आणि गटारीच्या आठवड्यात तर मुळीच करू नका. पण श्रावण कोष्टकात घालायला विसरू नका. दीप अमावास्येपर्यंत विक्री चढते आणि दुसऱ्या दिवसापासून उतरते. लगेच गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र लागतात. काही घरांत मार्गशीर्षातले गुरुवारही पाळतात. बाहेरच्या शहरांतून आलेल्या साखळ्यांच्या अंदाजपत्रकात हे दोन-अडीच महिने हमखास सुटतात. ज्याला माहीत आहे तो श्रावणाच्या आरंभी टाक्या लागरने भरतो. लागरला तसेही पाच-सहा आठवडे लागतात, ती निवांत पिकते आणि गणपती उठल्यावर नळावर येते. गव्हाच्या बिअरची शेवटची मोठी खेप मात्र गटारीच्या तीन आठवडे आधी, कारण ती उरली तर पडून राहते.

लिटरचा हिशेब

समजा १२० खुर्च्यांची जागा आहे. तुमच्या मोजणीतून सोमवार ते गुरुवार रोज ६० लिटर आणि शुक्रवार ते रविवार रोज २२० लिटर खप निघाला. म्हणजे आठवड्याला ९०० लिटर, महिन्याला साधारण ३,९००. टाकीच्या तळाचा गाळ, यीस्ट, नळ्या धुताना जाणारी बिअर, फेस आणि चाखायला दिलेले छोटे ग्लास यांत १२ ते १५ टक्के जातात. ३,९०० विकायला साधारण ४,५०० लिटर वर्ट, म्हणजे न आंबलेला गोड रस, बनवावा लागतो.

आता टाक्या. एल जातीची बिअर टाकीत जाऊन नळावर यायला साधारण १४ दिवस घेते: पाच-सात दिवस आंबणं, दोन दिवस विश्रांती, मग १-२ अंशांना थंड करून गाळ बसवणं. म्हणजे एका टाकीचे महिन्याला दोन फेरे. लागरचा फेरा सहा आठवड्यांचा, महिन्याला ०.७. पाचशे लिटरच्या चार टाक्या एलसाठी ठेवल्या तर ४,००० लिटर, आणि हजार लिटरची एक लागरसाठी तर ७००. झाले ४,७००. रस उकळायची भट्टी ५०० लिटरची पुरते; महिन्याला नऊ-दहा ब्रू, म्हणजे खेपा, प्रत्येकाला सात-आठ तास. त्यापुढे तयार बिअर ठेवायला तेवढ्याच मापाच्या पाच-सहा सर्व्हिंग टाक्या लागतात. या विसरल्या की तयार बिअर फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या टाकीतच, अडकून राहते आणि तिथला फेरा मोडतो.

शनिवारच्या २२० लिटरवर महिना बेतला तर आकडा ६,६०० येतो, हजार लिटरची भट्टी आणि दुप्पट टाक्या घेतल्या जातात. मग होतं काय, तर विटबिअर भराभर संपते आणि काळी स्टाउट टाकीत बसून राहते. पाश्चरीकरण न केलेल्या गव्हाच्या बिअरचा केळ्या-लवंगेचा वास तीन-चार आठवड्यांत उतरायला लागतो. आयपीए या कडवट बिअरमधल्या हॉप्सच्या, म्हणजे सुगंधी फुलांच्या, वासाचं तेच. जुनी बिअर ओतून द्यायला मालकाचा जीव होत नाही, म्हणून ती नळावर राहते, आणि नवं गिऱ्हाईक नेमकं तीच मागवतं. बंद पडलेल्या अनेक जागांची सुरुवात अशीच, मोठ्या टाकीने झालेली असते. ती लहान पडली म्हणून अडचणीत आलेली जागा क्वचितच सापडेल.

सहा नळांपेक्षा जास्त लावू नका. सगळ्यात मंद खपाची बिअर अर्ध्या मापाने करायची असेल तर टाकी घेतानाच विचारा, की तापमानाचा प्रोब किती उंचीवर आहे. अर्धी टाकी भरल्यावर प्रोब रसाच्या वर राहिला तर तो हवेचं तापमान दाखवतो आणि चिलर भलत्याच आकड्यामागे धावतो.

फरशी, पाणी, गटार

हजार लिटरची भरलेली टाकी लोखंडासकट साधारण १,३०० किलो भरते आणि तिचा व्यास १.२ मीटर असतो. चौरस मीटरला ११०० किलोंहून अधिक, तेही चार पायांवर. दुकानांचा मजला साधारण चौरस मीटरला ४०० किलोंच्या हिशेबाने बांधलेला असतो. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर टाक्या ठेवायच्या तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी प्रमाणपत्र, आणि बहुतेक वेळा खालून पोलादी आधार, हे भाडं ठरवण्याआधी. छताची मोकळी उंची साडेतीन मीटर हवी, कारण टाकी पावणेतीन मीटरची असली तरी वरचा स्प्रे बॉल, म्हणजे आतून धुणारा फवारा, काढायला हात आणि जागा लागते. दार मोजा. टाकी आडवी करून आत आणायची असते आणि वळणावर अडकते.

तळमजला मिळाला तर उत्तम, तळघर असेल तर सावध. हजार लिटर रस आंबताना साधारण २० घनमीटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि वास येत नाही. टाक्यांचे निकास पाइपने बाहेर काढा, जमिनीलगत एक्झॉस्ट लावा, आणि गुडघ्याच्या उंचीवर ०.५ टक्क्याला वाजणारा सेन्सर. टाकीत डोकं घालून बघायची सवय कोणाला असेल तर ती पहिल्या दिवशीच मोडा.

एक लिटर बिअरमागे सहा ते आठ लिटर पाणी जातं, बहुतेक धुण्यात. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, बिअरला फार चांगलं. पण बाणेर, मुंढवा, वाघोली भागांत बरेचदा बोअर किंवा टँकर असतो, आणि ते पाणी जड, दर खेपेला वेगळं. आरओ लावावाच लागतो, आणि आरओ आत जाणाऱ्या पाण्यातला मोठा हिस्सा बाहेर टाकतो, हेही मोजा. आरओचं पाणी तसंच वापरलं तर मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात मिसळलेल्या मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा), पीएच नीट जमत नाही. जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड घालून कॅल्शियम ५० ते १०० पीपीएमवर आणा. महापालिकेच्या पाण्याला कार्बन फिल्टर, आणि खात्री म्हणून १०० लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. क्लोरीन राहिला तर बिअरला दवाखान्याचा वास येतो आणि तो कशानेही जात नाही.

गटाराची बाजू सगळ्यात दुर्लक्षित. २० लिटर यीस्टचा गाळ मोरीत सोडला तर साधारण पन्नास माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका भार गटारावर पडतो. तीन दिवसांत वास, आठवड्यात सोसायटीचं पत्र, महिन्यात महापालिका. यीस्ट आणि तळाचा गाळ वेगळ्या पिंपात काढा, उकळून मारा आणि चोथ्याबरोबर गोठ्यावर पाठवा. १००० लिटर, १२ प्लेटो (रसातल्या साखरेचं माप) ताकदीच्या ब्रूला १८५ ते २०० किलो मॉल्ट लागतं आणि त्यातून २३०-२५० किलो ओला चोथा निघतो. तो त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळपर्यंत आंबतो. दोन गोठेवाल्यांशी बोलून ठेवा, एकाशी नको. त्याची गाडी ज्या दिवशी येत नाही, नेमका त्याच दिवशी ब्रू असतो.

चिलरचा कंडेन्सर गच्चीवर जातो आणि रात्रभर घरघरतो. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. वरच्या मजल्यावर झोपणारी माणसं असतील तर रबरी पॅड आणि आवाजरोधक जाळी पहिल्याच खर्चात धरा.

कागद

मायक्रोब्रुअरीचा उत्पादन परवाना आणि बसून पिण्याचा एफएल-३ परवाना हे दोन वेगळे. दोन्ही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून. त्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, व्यापारी वापराची मंजुरी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, अन्नसुरक्षेचा परवाना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. वाफेचा बॉयलर घेणार असाल तर २५ लिटरपेक्षा कमी धारणेचा, बाजारात ज्याला नॉन-आयबीआर म्हणतात तो घेतला की तपासण्यांचा एक गठ्ठा वाचतो.

जागा पक्की करण्याआधी टेप घेऊन शाळा, देऊळ, मशीद, बसस्थानक यांची अंतरं मोजा. ७५ मीटरची अट आहे. महामार्गाची गोष्ट तर पुण्याने अंगावर घेतली आहे. १५ डिसेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांच्या ५०० मीटरांत मद्यविक्री थांबली, आणि जुलैत महापालिका हद्दीबाबत खुलासा होईपर्यंत भल्याभल्या जागांचे नळ कोरडे राहिले. भाडं मात्र चालू होतं. करारात ‘शासकीय वा न्यायालयीन आदेशाने मद्यविक्री थांबल्यास भाडं निम्मं’ असं कलम घालून घ्या. जागामालक कुरकुरतो, पण नवी इमारत रिकामी असते तेव्हा मान्य करतो.

मंजूर नकाशात प्रत्येक टाकीची जागा दाखवलेली असते. नंतर एक टाकी इकडची तिकडे करायची म्हटली तरी सुधारित नकाशा लागतो. म्हणून पुढे वाढवायच्या दोन टाक्यांची रिकामी जागा पहिल्याच नकाशात दाखवून ठेवा, आणि टाक्या थंड ठेवणाऱ्या ग्लायकॉल द्रवाच्या पाइपला तिथे झडपा काढून ठेवा.

१९ मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या पोर्श अपघातानंतर पुण्यात वयाची तपासणी, बंद करायची वेळ आणि गच्चीवरची अनधिकृत बांधकामं यांवर कारवाईचा धडाका लागला. गच्चीवर शेड टाकून खुर्च्या वाढवायचा बेत अंदाजपत्रकातून काढाच. दारावर वय तपासणारा माणूस हा बाउन्सरपेक्षा वेगळा नेमा आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय मनगटाला पट्टी बांधू नका.

कराचा एक कोपरा नवख्यांना चुकतो. मद्य जीएसटीत नाही, त्यावर व्हॅट. आणि जेवणावर ५ टक्के जीएसटी, पण त्याला इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे किटवर (भट्टी, टाक्या आणि बाकीची यंत्रं), भाड्यावर, आतल्या सजावटीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. तो सरळ खर्चात धरा. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला, आणि त्यासह वाढलेल्या शुल्काच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ ला ‘आहार’ या हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या हाकेवर राज्यातले बार बंद राहिले. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत नूतनीकरणाचे पैसे बाजूला काढलेले नसतील, तर मार्चमध्ये मॉल्टवाल्याचे पैसे थकतात.

भाडं एकूण विक्रीच्या १२ ते १५ टक्क्यांत बसलं पाहिजे, आणि तेही मंगळवार धरून काढलेल्या विक्रीच्या. परवाना जागेला चिकटलेला असतो, हे जागामालकालाही माहीत असतं. तिसऱ्या वर्षानंतरची भाडेवाढ करारातच लिहून घ्या. टाक्या पंधरा-वीस वर्षं चालतात, तेव्हा तीन वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सवर किट बसवणं म्हणजे भाड्याच्या वाड्यात विहीर खणणं.

पहिल्या काही ब्रूंत काय बिघडतं

मॅश ६५-६६ अंशांना तासभर, पीएच ५.३ ते ५.४. वरून सोडायचं पाणी ७६-७८ अंश. खालचा रस २ प्लेटोच्या खाली गेला की थांबा, नाहीतर सालीचा तुरटपणा उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पिल्सनर मॉल्ट असेल तर ९० मिनिटं जोमाने उकळा आणि झाकण उघडं ठेवा, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहतो.

खरी अडचण उकळून झाल्यावर येते. मे महिन्यात नळाचं पाणी २८-३० अंशांचं असतं, आणि तेवढ्यावर वर्ट १८ अंशांना येत नाही. भट्टीच्या मापाची, किंवा दीडपट, थंड पाण्याची टाकी ४-५ अंशांना आदल्या रात्री भरून ठेवा, नाहीतर प्लेट कूलरचा दुसरा टप्पा ग्लायकॉलवर चालवा. गरम रसात यीस्ट टाकून ‘रात्रीत थंड होईल’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी थिनरचा वास मिळतो. एलसाठी सुकं यीस्ट १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम, लागरला १०० च्या पुढे.

वीज गेली तर? आंबण्याच्या पूर्ण काळात १२ प्लेटोचा रस स्वतःला सुमारे ११ अंशांनी तापवेल इतकी उष्णता सोडतो. जनरेटरवर दिवे आणि संगीत असतं, चिलर नसतो, असं फार ठिकाणी दिसतं. चिलर आणि ग्लायकॉलचा पंप जनरेटरवर आधी, एसी नंतर. ग्लायकॉल प्रॉपिलीन जातीचं, ३० ते ३५ टक्के, उणे ४ अंशांना.

थंड करायच्या आधी लोण्याच्या वासाची चाचणी न चुकता करा. दोन बाटल्यांत नमुना घ्या, एक ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारख्या थंड करून हुंगा. गरम केलेल्यात लोणी किंवा पॉपकॉर्न आलं, तर टाकी अजून दोन दिवस १८-२० अंशांवर राहू द्या. शुक्रवार तोंडावर आला म्हणून घाई केलेली बिअर नळावर गेल्यावर लोणी दाखवते.

आणि एक अपघात, जो बिअरऐवजी टाकीच खातो. टाकी रिकामी झाली, आत कार्बन डायऑक्साइड भरलेला, आणि पोऱ्याने झाकण लावून गरम कॉस्टिक सोडा फिरवायला घेतला. कॉस्टिक तो वायू शोषतं, आत निर्वात तयार होतो, आणि जाड पोलादाची टाकी काही क्षणांत डबा चेपावा तशी आत जाते. गरम धुण्यानंतर बंद टाकीत थंड पाणी सोडलं तरी तेच. आधी हवेने वायू पूर्ण बाहेर काढा, मग वरचा निकास उघडा ठेवून २ टक्के कॉस्टिक, ७०-८० अंश, मग पाणी, मग आम्ल. व्हॅक्यूम झडप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिच्यात वाळलेला फेस अडकतो. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचं. त्याच्यावर पाणी ओतायचं नाही.

नळावर

बिअर ३ अंशांना आणि दाब १२ पीएसआय असला की लिटरात अडीच लिटर वायू बसतो; पुण्याच्या उंचीमुळे दाबाच्या घड्याळावर १३ ठेवा. गव्हाच्या बिअरला लिटरामागे तीन लिटर वायू, म्हणजे दाब १७-१८. नुसता फेस येतोय अशी तक्रार आली की वेटर दाब कमी करतो आणि फेस आणखी वाढतो, कारण वायू नळीतच सुटायला लागतो. आधी नळाशी येणाऱ्या बिअरचं तापमान मोजा. कोल्डरूम ३ वर आणि नळ ८ वर असेल तर दोष दाबाचा नाही; नळीबरोबरची ग्लायकॉलची नळी कुठेतरी उघडी पडली आहे. नळ्या दर चौदा दिवसांनी कॉस्टिकने, तोटी रोज रात्री. तोटीला व्हिनेगरचा वास आला म्हणजे बिअर बिघडली असं समजून टाकी ओतू नका. आधी तोटी खोला.

दुसरी जागा

दुसऱ्या जागेचा मोह पहिली जागा शनिवारी ओसंडायला लागली की होतो. निकष दुसरा धरा: टाक्या सलग तीन तिमाह्या ८५ टक्क्यांहून जास्त भरलेल्या आहेत का, श्रावण धरून? नसतील तर दुसरं किट नको. पहिल्या किटची उरलेली बिअर विकायला टॅपरूम, म्हणजे नळांवरून बिअर देणारी जागा, हवी.

मार्ग मुख्यतः तीन. डूलाली पुण्याहून मुंबईत गेली ती टॅपरूम करत. इंडिपेंडन्स अंधेरीत गेली, टॉइट मुंबई-पुण्यात. ग्रेट स्टेट एलवर्क्ससारख्यांनी दुसऱ्यांच्या नळांवर केग, म्हणजे बिअरची बंद पिंपं, चढवले. केगच्या धंद्यात भाडं वाचतं, पण दुसऱ्याच्या नळ्या कोण धुणार हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर ‘आम्हीच’ हेच असायला हवं. बारवाला धुणार नाही, आणि आंबट ग्लासला नाव तुमचं लागेल.

केग नेताना उत्पादन शुल्काचा वाहतूक पास लागतो, आणि थंड गाडी. ५० लिटरचा भरलेला केग साठ किलोंच्या वर जातो, जिन्यावरून एकट्याने चढत नाही. जुन्या इमारतीतल्या बारला ३० लिटरचे द्या. दुसऱ्या शहरात दुसरं किट लावलंत तर पाककृती तीच ठेवून पाणी बदलेल. पहिले तीन ब्रू विकायचे नाहीत असं धरूनच पैसे ठेवा. आणि ब्रुअर एकच असेल तर विस्तार करूच नका. तो आठवड्यातून दोनदा द्रुतगती मार्गावर असेल तेव्हा दोन्हीकडच्या टाक्या पोऱ्यांच्या हातात असतात.

बंद करायची वेळ आली तर

चार महिने लागोपाठ भाडं भांडवलातून जात असेल आणि मंगळवार वाढत नसेल, तर नवा शेफ, नवा डीजे, नवा फलक यांनी तो वाढणार नाही. ठरवलं की तारीख मागे मोजा. शेवटची लागर दहा आठवडे आधी, शेवटची एल सहा आठवडे आधी, आणि शेवटच्या महिन्यात फक्त असलेलं विकायचं. उरलेली बिअर नष्ट करायची झाली तर उत्पादन शुल्काच्या अधिकाऱ्यासमोर पंचनामा करून. गुपचूप मोरीत ओतली तर नोंदवहीचा मेळ बसत नाही आणि परवाना परत करताना अडकता. यीस्टच्या भाराचं वर सांगितलं आहे, बिअरचंही तसंच. टँकरने सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे पाठवा.

परवाना मार्चअखेर संपतो तेव्हा बंद करणं स्वस्त पडतं. एप्रिलमध्ये वर्षाची फी भरून जूनमध्ये आवरणारे दर वर्षी भेटतात. ब्रुअर आणि पोऱ्यांचं देणं टाक्या विकण्याआधी चुकतं करा. किट उकलायला तीच माणसं लागतात आणि कुठली झडप कुठली हे त्यांनाच ठाऊक असतं.

वापरलेल्या टाक्यांना गिऱ्हाईक मिळतं, पण नकाशे, दाबचाचणीचे दाखले आणि विजेच्या पॅनेलचा आराखडा जवळ असेल तर भाव बरा येतो. टाकी कॉस्टिक, पाणी, आम्ल, पाणी या क्रमाने धुवून कोरडी करा. क्लोरीनचं पाणी आत राहू देऊ नका, ३०४ जातीच्या पोलादाला त्याने बारीक खड्डे पडतात. खालची झडप उघडी, झाकण सैल, गॅस्केटं काढून वेगळ्या पिशवीत, त्यावर टाकीचा क्रमांक. जॅकेटमधलं ग्लायकॉल हवेच्या दाबाने पूर्ण बाहेर काढा. जुनं ग्लायकॉल आंबट होऊन आतून जोड खातं, आणि ते नव्या मालकाला पहिल्या दाबचाचणीत कळतं.